फसलेल्या प्रकल्पाचे चुरी सर

नव्या तुकडीचा पहिला तास चुरी सर कधी वर्गात घेत नसत. पहिल्या पाळीच्या वेळेला सगळ्यांनी औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर जमायचं, असा त्यांचा निरोप असे. जांभया देत मंडळी जमली की सर त्यांना रस्त्याच्या कडेला उभं करत आणि समोरून कारखान्यांकडे लोटणाऱ्या माणसांकडे बोट दाखवत. "पुढे बघून चाललेत त्यांना सोडा. मागे वळून बघत चाललेत ते हेरा. ज्याची मान मागे वळते त्याचं काहीतरी घरी अडलेलं असतं. काय अडलंय ते शोधून काढा, तोच तुमचा अभ्यासक्रम." एवढं सांगून ते स्वतः चहाच्या टपरीवर जाऊन बसत. तासभर उभं राहून पाय दुखले की अर्ध्या तुकडीला एकच गोष्ट अडलेली दिसे, ती म्हणजे आपला नाश्ता.

आमच्या अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव 'स्थानिक समाजसेवांमध्ये नवोपक्रमासाठी उद्योजकता प्रशिक्षण' असं होतं. ते एका दमात म्हणणारा माणूस मला बोईसरमध्ये भेटला नाही. सगळे 'चुरी सरांचा क्लास' म्हणत. एका कंपनीने समाजकार्याच्या निधीतून हे केंद्र काढलं होतं आणि मी तिथे समन्वयक होते. समन्वयक म्हणजे खुर्च्या मांडायच्या, हजेरी घ्यायची, फोटो काढायचे आणि कंपनीच्या साहेबांना कळेल अशा भाषेत अहवाल लिहायचा. मी मूळची जळगावची. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले, आणि इथल्या दमट हवेला नावं ठेवता ठेवता इथलीच झाले.

सर केळव्याचे. घरची सुपारीची वाडी, थोडी पानवेल. वाडीवर निवांत पोट भरलं असतं, पण निवांतपणा सरांच्या पत्रिकेत नव्हता. त्यांनी ओळीने तीन धंदे काढले आणि ओळीने तिन्ही बुडवले. ही माहिती ते लपवत तर नसतच, उलट तिच्यावरच त्यांची नेमणूक झाली असावी अशा थाटात सांगत. खाडीकाठच्या खाजणात कोळंबी सोडली, तर उधाणाला बांध फुटला. "माझी सगळी कोळंबी माहेरी गेली, ती परत आली नाही." मग नारळपाणी बाटलीत भरून विकायला काढलं. "मागे झाडाला नारळ, पुढे माझी बाटली. लोक बाटली हातात घ्यायचे आणि झाडाचा भाव विचारायचे." शेवटी मुंबईच्या पाहुण्यांसाठी घरातल्या दोन खोल्या काढल्या. तिथे सर त्यांना ओहोटी दाखवायला पहाटे दार ठोठावून उठवत. सुट्टीला आलेला माणूस झोपायला आलेला असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर पाहुणे येणं थांबलं होतं. "तुमच्यापैकी कोणी एक तरी धंदा बुडवलाय का?" ते वर्गाला विचारत. कोणी हात वर करत नसे. "मग झालं तर. इथे शिकवायला मीच लायक."

अशा माणसाच्या हाताखाली मंदा वावरे आली. ती कुंभवलीची, एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत पॅकिंगला जाणारी. नाक्यावरच्या त्या तासाला बाकीचे माना हेरत होते तेव्हा ती सरळ टपरीवर सरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"सर, मी कशाला उभी रावू? मीच रोज मागं बघत जाते."

"का?"

"पोरगा ल्हान हाय. अंगणवाडी उघडते उशिरा, माजी पाळी लागते सकाळी. मधल्या टायमाला त्याला सांबाळते माजी पोरगी, सायली. सातवीला हाय. तिची शाळा सकाळची." मंदा थांबली आणि म्हणाली, "व्हती. आता दांड्याच जास्त."

सर चहा अर्धा टाकून उठले. त्या दिवसापासून वर्गातल्या सगळ्या भारी कल्पना मागे पडल्या. एका मुलाने पाण्याच्या टँकरसाठी अ‍ॅप सुचवलं होतं, एकीने शिवण्याच्या मशीनचं फिरतं दुकान. सर सगळ्यांना एकच सांगत, "नवीन काय आहे ते मागाहून सांगा. आधी सांगा, कोणाचं अडलंय?" आणि मंदाचं अडलेलं सगळ्यांना दिसत होतं. कुंभवलीत अशा सायल्या घरोघर होत्या. धाकट्याला काखेत घेऊन दारात बसलेल्या, शाळेचा गणवेश दांडीवर. सायली शाळेत परत गेली तर आपला क्लास खरा, नाहीतर माझ्या अहवालाची रद्दी, असं सर मला स्पष्टच म्हणाले. रद्दी हा शब्द मला लागला, पण बाकी खरंच होतं.

मंदाच्या घराला चांगली ऐसपैस ओटी होती. तिथे सकाळचं पाळणाघर काढायचं ठरलं आणि त्यासाठी मंदाने कामावर काही दिवसांची बिनपगारी रजा टाकली. सगळी तुकडी घरोघर विचारून आली. प्रत्येक घरी चहा झाला आणि प्रत्येक बाई म्हणाली, "पाठवू की, का नाय पाठवणार?" मी आनंदाने अहवालात लिहिलं की मागणी भरघोस आहे. ओटी सारवली, सतरंज्या आल्या, भिंतीवर हत्ती-मोर रंगवले. मंदाने दारावर लावायला स्वतःच्या फोटोचा फलक करून घेतला, त्यात ती तिच्याहून बरीच गोरी दिसत होती. सरांनी महिन्याची फी ठरवून दिली. मी दबकत म्हटलं, या बायकांना फी झेपेल का? तेव्हा सरांनी त्यांचं आवडतं वाक्य माझ्या अंगावर टाकलं, "फुकटाला किंमत नसते, मॅडम. तीन धंदे बुडवून शिकलोय."

पहिल्या सकाळी ओटीवर मंदा, तिचा मुलगा, सर आणि मी. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या दिवशी एक कुत्रं येऊन हत्तीखाली झोपलं, त्यालाही सरांनी हाकललं नाही.

भानगड काय होती ती मंदाच्या शेजारच्या नर्मदाकाकूंनी उलगडली. काकू एकट्याच राहत, वय झालेलं, तोंड मात्र तरणंताठं. त्या ओटीच्या पायरीवर बसल्या आणि सरांना म्हणाल्या, "मास्तर, शेजारणीला पैशे देऊन पोर ठेवायचं म्हंजी काय? उद्या गाव बोलंल, हिच्या घरची मानसं मेली का?"

"मग फी नका देऊ म्हणावं! पाठवा तरी!"

"तसं तं मंदा बोलून आली ना नळावर. सगळ्यांना बोलली, ऱ्हाऊ दे गं, तू कशाला देतीस, आपन काय परकी हाव?"

सरांनी मंदाकडे पाहिलं. मंदाने खाली पाहिलं. "सर, कसं मागनार? हिच्या हळदीला मी व्हते, तिच्या बाळंतपनाला मी व्हते. तोंडातून पैसाच निघंना."

"बरं. तू फी माफ केलीस. मग पोरं कुठायत?"

"फुकट कशी पाठवतील?" काकूच उखडल्या. "रोजचं फुकट कोन घेतो? लाज हाय का नाय!"

फी घ्यायची मंदाला लाज आणि फुकट ठेवायची बायकांना लाज. दोन्हीकडून लाजेने दार लावून घेतलेलं आणि मधे आमचे हत्ती-मोर. सरांच्या टिपणांत ग्राहकाचे नाना प्रकार होते, पण असा ग्राहक त्यांत नव्हता. दोन दिवस ते वर्गात आले आणि काही न शिकवता फळा पुसत बसले. मला मनातून थोडं बरं वाटलं हे कबूल करते, कारण त्या आवडत्या वाक्याचा मला कंटाळा आला होता.

त्याच सुमारास आवणी लागली आणि भाताच्या लावणीपायी मंदा क्लासला येईनाशी झाली. तिला जाब विचारायला सर शेतावर गेले. मलाही ओढलं. पायात चामड्याचे बूट, डोक्यावर छत्री, बांधावर तोल सांभाळत उभे. खाली चिखलात ओळीने वाकलेल्या बायका, हात भराभर चाललेले.

"हे शेत कोणाचं गं?" सरांनी विचारलं.

"आज कमलीचं," मंदा मान वर न करता म्हणाली. "उद्या माजं. परवा काकूचं."

"आणि मजुरी?"

सगळ्या हसल्या. कोणीतरी म्हणालं, "आवनीला कवा मजुरी आस्ते का वो, सर? आज मी तिच्याकडं, उद्या ती माज्याकडं."

सर बांधावरूनच वाकलेल्या पाठी मोजू लागले. मग त्यांचा पाय घसरला आणि ते बुटांसकट कमलीच्या शेतात उतरले. तशाच चिखलातल्या पायांनी ते रिक्षात बसले आणि निम्म्या रस्त्यात मला म्हणाले, "मॅडम, आपण फी लावली. लावायला हवी होती पाळी." रिक्षावाला गाडीतल्या चिखलावरून कुरकुरत होता, त्यालाही त्यांनी हे दोनदा समजावून सांगितलं.

त्यानंतर जे झालं त्यात शिकवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते झालं असावं. दुपारच्या पाळीला जाणाऱ्या बायकांनी सकाळी पोरं सांभाळायची, सकाळच्या पाळीच्या बायकांनी परत येऊन दुपारी. कोणाची अडचण असली तर आपसांत पाळ्या बदलायच्या, कारखान्यातल्या मुकादम बाईला कानात सांगून. ती मुकादम बाई पण कुंभवलीचीच, तिचाही नातू ओटीवर. नर्मदाकाकूंना ना पोर ना पाळी, तरी त्या रोज हजर. पोरांना चहात बुडवलेली तांदळाची भाकर भरवायचं काम त्यांनी कोणाला विचारून घेतलं नव्हतं. मंदाने दुपारची पाळी मागून घेतली. आणि सायली दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिने गणवेश घातला तर तो आखूड झालेला. मंदा हसता हसता रडली आणि सर मोराच्या पिसाऱ्याची जणू पहिल्यांदाच पाहणी करत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

कंपनीच्या साहेबांना हे कळायला नको होतं, पण मी समन्वयक होते आणि फोटो छान आले होते. साहेब मुंबईहून आले. तरुण, गोड बोलणारे, बूट काढून ओटीवर मांडी घालणारे. वाईट माणूस अजिबात नाही. त्यांना ओटी इतकी आवडली की त्यांनी तिथेच तिचं भवितव्य ठरवून टाकलं. मंदाताई ही उद्योजिका, तिच्या नावाने पाळणाघरांची साखळी, ओटीवर कंपनीचा मोठा फलक, रोजची हजेरी मोबाइलवर, वर्तमानपत्रात लेख आणि मोठ्या हॉटेलात पुरस्कार. केंद्राला पुढच्या वर्षी निधी द्यायचा की नाही, हेही याच यशोगाथेवर ठरणार होतं. मंदाच्या चेहऱ्यावर मी तसा उजेड कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी ती पालघरला जाऊन नवी साडी घेऊन आली.

फोटोग्राफर येणार त्या सकाळी मात्र ओटी अर्धी रिकामी. कमली दारातूनच पोराला घेऊन परत वळली. सरांनी तिला थांबवलं तेव्हा म्हणाली, "सर, पेपरात आलं तं कंत्राटदार वाचंल. आमी आमच्यात पाळ्या बदलतो ते त्याला कळलं तं मुकादमबाईची नोकरी जाईल, आमची पन. दुसरं म्हंजी कंपनीचं झालं का आमाला मंग कोन विचारतो? फी लावतील."

"मंदाला बोललीस का हे?"

"कसं बोलू? तिनी साडी घेतलीय."

सर त्या दिवशी वर्गावर आले नाहीत. पुढच्या आठवड्यात केंद्रात साहेबांसमोर सादरीकरण होतं. मंदा नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. मी पडदा लावला, हत्ती-मोरांचे फोटो रांगेत ठेवले. सर उठले आणि म्हणाले, "कुंभवलीचा प्रकल्प फसला."

साहेबांना वाटलं विनोद आहे. "सर, मी स्वतः पाहिलाय. मुलं आहेत ना तिथे?"

"मुलं त्यांच्या आयांची आहेत. प्रकल्पाची नाहीत."

"पण सुरुवात मंदाताईंनी केली..."

"ओटी तिची आहे. बाकी गावात शेजारी एकमेकांची पोरं बघतात, ते सगळीकडेच बघतात. उत्पन्न शून्य. मालक कोणी नाही. फी लावली तेव्हा एकही पोर आलं नाही, हे मॅडमच्या अहवालात आहे. तुमच्या व्याख्येने हा धंदा नाही आणि माझ्याही नाही. फसला असंच लिहा."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं आपलं अपयश झाकताना पाहिली आहेत. चांगलं चाललेलं काम भर सभेत बुडालं म्हणून सांगणारा हा एकच. आणि ते सांगताना त्यांना आपली नोकरी दिसत होती, माझीही दिसत होती, पहिल्या रांगेतली साडी तर समोरच होती.

मंदा सभा संपेपर्यंत बसली नाही. बाहेर पायऱ्यांवर तिने सरांना गाठलं. "माजं नाव कशाला घालवलंत? मी काय चोरी केलीवती? एक टायमाला मला कोनी शाबास बोलनार व्हतं!"

"खरं आहे," सर म्हणाले.

"खरं हाय तं मंग?"

"तुझं नाव झालं असतं मंदा, आणि सायली परत घरी बसली असती. कमलीला विचार."

"मला विचारायचं व्हतं! ओटी माजी हाय ना!"

खरं सांगायचं तर आजही मला ती चुकली असं वाटत नाही. तिला विचारून करता आलं असतं. पण विचारलं असतं तर तिने साहेबांना नाही म्हणायचं धाडस केलं असतं का, हे तिलाही ठाऊक नसावं. त्यानंतर मंदा सरांशी बोलली नाही.

केंद्राचा निधी अर्थातच थांबला. त्या जागेत आता ब्यूटी पार्लरचा कोर्स चालतो आणि उत्तम चालतो. मी एका शाळेच्या कार्यालयात लागले. सर केळव्याला परतले, वाडीत रमले असं लोक म्हणत. सर रमणाऱ्यातले नव्हते. दोनेक वर्षांनी मी एका रविवारी गेले तेव्हा ते पानवेलीच्या आधाराच्या झाडांची छाटणी करत होते. मी रागातच विचारलं, सर, त्या मुलांसाठी कंपनीचे पैसे आले असते तर काय बिघडलं असतं?

"वेलीला आधार लागतोच," ते फांदी तोडत म्हणाले. "पण आधाराचं झाड माजलं की वेलीला ऊन मिळत नाही. मग पानं कसली येतात?" थोडा वेळ कोयता चालला. "मंदा भेटते का?"

"भेटते."

"पोरगी शाळेत जाते ना?"

"जाते."

ते एवढ्यावर थांबले. मंदाने त्यांना माफ केलं का, हे त्यांना विचारायचं होतं आणि मला सांगायचं नव्हतं. मग मीच विषय बदलला.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी वाडीत पाणी सोडून ओटीवर टेकले, तसेच गेले. केळव्याला माणसं बरीच आली होती, त्यात आमच्या तुकड्यांतली थोडी. मंदा आली ती सायलीला घेऊन. सायली आता आईच्या खांद्याच्या वर गेली होती. मंदा पार्थिवापाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, सरांनी माजं नाव घालवलं. मी कवाच इसरनार नाय." नाक पुसून ती पुढे म्हणाली, "पन हिचं दहावीच्या वर्गाला नाव लागलं ते मी त्यांना सांगायला येनारच व्हते. आज येते, उद्या येते करत ऱ्हायले." मग आम्ही दोघी सुपारीच्या झाडाला धरून रडलो. सरांचा मला फार राग यायचा, आणि तेवढाच जीवही लागला होता.

अलीकडे शाळेच्या कामाने कुंभवलीत गेले होते. मंदाच्या ओटीवरचे हत्ती-मोर पुसट झालेत आणि पोरं संख्येने इतकी वाढलीत की पलीकडच्या गल्लीतल्या ओटीवरही तसंच चालतं. तिथे एक तरुण सून घाईघाईने पायरीखाली काही शोधत होती. कडेवर मूल, खांद्याला डब्याची पिशवी. ती सफाळ्याकडून लग्न होऊन आलेली, मला ओळखत नव्हती, सरांना तर ओळखायचा प्रश्नच नव्हता. जुन्या सवयीने मी विचारून गेले, "बाई, हे पोरं सांभाळायचं इथे कोणी सुरू केलं?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "सुरू कोन करनार? आमच्याकडं पयल्यापासून आसंच हाय."

चुरी सरांचं नाव माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "जरा याला धरता का? पाळी चुकंल माजी, चप्पल घावत नाय." मी मूल कडेवर घेतलं. ते नवख्या बाईकडे बघून रडलं नाही, त्याला सवय होती. त्याच्या आईची चप्पल सापडेपर्यंत मी त्या ओटीवर उभी राहिले.